आपलं काम कोणतं? सांगलीत राहून शोधायची तीन महिन्यांची वाट

"मॅडम, मला नक्की काय आवडतं तेच कळत नाही."

बारावीचे निकाल लागले की विश्रामबागेतल्या आमच्या घरी हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. बोलणारं मूल कधी तासगावचं असतं, कधी कुपवाडचं, कधी पहाटेच्या एसटीने जतहून आलेलं. सोबत आई असते, नाहीतर मामा. मामांचा प्रश्न ठरलेला: "कशाला स्कोप आहे तेवढं सांगा."

मी ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षं गणित शिकवलं. या दोन्ही प्रश्नांना मी एका बैठकीत उत्तर देत नाही. अठरा वर्षांच्या मुलाने जवळून पाहिलेली कामं मोजली तर दहा-बारा भरतात. शेती, दुकान, शिक्षक, डॉक्टर, बँक, पोलीस, फार तर पुण्यात आयटीत असलेला मावसभाऊ. जे काम कधी पाहिलंच नाही ते आवडेल की नाही, हे खोलीत बसून कसं कळावं? दुसऱ्या टोकाची मुलंही येतात. चार वर्षांत टॅली, फोटोशॉप, पोलीस भरती, शेअर मार्केट असं सगळं करून झालेलं असतं, पण त्यातलं प्रत्येक का सोडलं ते सांगता येत नाही. टिपून काहीच ठेवलेलं नसतं, त्यामुळे चार वर्षांचा अनुभव हाती लागत नाही.

माझी पद्धत म्हणूनच एवढीच आहे: एक छोटी गोष्ट करून बघायची, त्याच रात्री लिहून काढायची आणि लिहिलेलं वाचून पुढची ठरवायची. असे तीन महिने. खर्च एका वहीचा आणि एसटीच्या तिकिटाचा. मुलींना तर मार्च २०२३ पासून एसटीत अर्धंच तिकीट आहे.

हे मी पोटतिडकीने सांगते, कारण माझी काही वर्षं यात गेली आहेत. दहावीला ब्याऐंशी टक्के पडले म्हणून मला सायन्सला घातलं. प्रयोगशाळेत जीव रमायचा नाही. पण संध्याकाळी गल्लीतली सहा-सात पोरं गणितं विचारायला यायची आणि त्यांना समजावताना जेवणाची वेळ टळून जायची. ते काम आहे, त्यावर जगता येतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि माझ्याही ध्यानात आलं नाही. बी.एस्सी. झाली, एका ऑफिसात अकरा महिने नको वाटणारी नोकरी झाली, तेव्हा कुठे मी एम.एस्सी., बी.एड.कडे वळले. वही ठेवली असती तर हे पहिल्या महिन्यात दिसलं असतं.

पहिले पंधरा दिवस: फक्त वही

मोबाइलमध्ये नको, कागदी वही घ्या. दोनशे पानी पुरते. रोज झोपण्यापूर्वी तीनच ओळी लिहायच्या. आज कशात वेळ गेला ते कळलं नाही? काय करताना सारखं घड्याळ पाहिलं? आणि आज कुणी, कशासाठी मला हाक मारली? तिसरी ओळ मुलं सोडून देतात. ती सोडू नका. शेजारच्या काकू मोबाइलवरचा फॉर्म भरायला तुम्हालाच बोलावतात, मित्र भांडण मिटवायला तुमच्याकडेच येतात, बाबा बाइकचा आवाज ऐकायला तुम्हालाच उभं करतात, तर त्यात काहीतरी आहे. आपल्याला सोपं जातं ते आपल्या खिजगणतीत नसतं, पण लोकांना ते दिसतं.

पंधरा दिवसांत एक लांब नोंदही करायची: "मंडळात मी काय करतो?" आपल्याकडच्या पोरांसाठी याहून चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही. गणेशोत्सवाचे ते दहा दिवस आठवा. कुणीही नेमलेलं नसताना प्रत्येक जण आपापल्या कामाला जाऊन चिकटतो. एक जण वर्गणीला पुढे होतो, दुकानदाराने दोनदा परतवलं तरी तिसऱ्यांदा हसत जातो. एक जण पावतीपुस्तकं आणि जमाखर्च सांभाळतो, दहा रुपयांचा मेळ लागला नाही तर जागा राहतो. कुणी मांडवाचं वायरिंग करतं, कुणी फलकावर सुंदर अक्षर काढतं. एखादा कशातच दिसत नाही, पण मिरवणुकीत लहान मुलं हरवू नयेत याची काळजी त्यालाच असते. मुलींनी मंडळाच्या जोडीला घरचं लग्नही आठवावं. रुखवत मांडायला कोण बसलं, आहेराची यादी कुणी लिहिली, रुसलेल्या आत्याबाईंची समजूत कुणी काढली? बक्षीस नाही, मार्क नाहीत, तरी तुम्ही जे काम आपणहून उचललं, ते अर्धं पान भरून लिहा.

आता एक जड पान. त्यावर मर्यादा लिहायच्या, आकड्यांत. घरात महिन्याला किती येतात? कर्ज आहे का? कुणाचं आजारपण? मी कमावलं नाही तर घर किती महिने ओढू शकेल: सहा, बारा, छत्तीस? मी गाव सोडून राहू शकतो का? हे पान लाजिरवाणं नाही. ज्या घराला सहा महिन्यांत हातभार हवा आहे, त्या घरातल्या मुलाची पहिली पायरी वेगळी असेल, एवढंच ते सांगतं.

कल चाचणीबद्दल पालक विचारतात. राज्यात दहावीच्या मुलांसाठी २०१६ पासून काही वर्षं ती शाळेतच घेतली गेली. अशी चाचणी जरूर द्या, पण तिचा निकाल वहीतल्या अनेक नोंदींपैकी एक समजा. तुम्ही स्वतःबद्दल जी उत्तरं देता तीच ती नीट मांडून परत देते.

माणसं गाठायची

सोळाव्या दिवसापासून माणसं. वहीतल्या नोंदींवरून दहा कामांची यादी करा. त्यातली निदान पाच अशी हवीत, जी तुम्ही कधी जवळून पाहिली नाहीत. सांगली-मिरजेत यासाठी फार हिंडावं लागत नाही. मिरजेत १८९४ पासून मिशन हॉस्पिटल आहे आणि आज गल्लोगल्ली दवाखाने आहेत, पण मुलांना त्यांत डॉक्टर आणि नर्स एवढेच दिसतात. डायलिसिसचं मशीन चालवणारा, रक्ताचे नमुने तपासणारी, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करणारा, विम्याचे कागद पुढे सरकवणारी, ही सगळी स्वतंत्र कामं आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. कुपवाड एमआयडीसी, बेदाण्याची शीतगृहं, भिलवडीची डेअरी, नाटकाच्या तालमी, सगळं तासाभराच्या अंतरात.

ओळख कशी काढायची? आपल्याकडे कुणाचा तरी कुणीतरी निघतोच. पण फोन मामांना करायला लावू नका, तुम्ही करा. मी मुलांकडून हे वाक्य पाठ करून घेते: "काका, मी अमक्याचा मुलगा. मला नोकरी मागायची नाही. तुमचं काम समजून घ्यायचंय. वीस मिनिटं द्याल का? तुम्ही म्हणाल तेव्हा येतो." नोकरी मागायची नाही हे आधीच सांगितलं की समोरचा मोकळा होतो. आणि बहुतेक माणसांना त्यांचं काम कुणी आस्थेने विचारलेलंच नसतं, ती वीस मिनिटांची तासभर करतात.

"तुमच्या क्षेत्रात स्कोप आहे का" हे तेवढं विचारू नका. त्याचं उत्तर हो किंवा नाही, आणि दोन्ही निरुपयोगी. त्याऐवजी विचारा: काल सकाळी अकरा वाजता तुम्ही नेमकं काय करत होता? यातलं कोणतं काम रोज नकोसं वाटतं? पहिल्या वर्षी हातात किती पडायचे आणि त्यात भागायचं का? आज माझ्या वयाचे असता तर कोणत्या दाराने आत आला असता? आणि हे काम दहा-वीस वर्षांपूर्वी कसं होतं? हा शेवटचा प्रश्न सांगलीत फार बोलका ठरतो. हरिपूरला पूर्वी जमिनीतल्या पेवांत हळद साठवायचे. २००५ च्या महापुराने त्यातली बरीच पेवं निकामी केली आणि साठवण गोदामांकडे, शीतगृहांकडे सरकली. माल तोच, पण तो सांभाळणाऱ्या माणसाला आता तापमान, नोंदी, बँकेचं तारण हे सगळं कळावं लागतं. असं वळण प्रत्येक धंद्यात असतं आणि ते आतल्या माणसालाच आधी ठाऊक होतं.

एक सकाळ नुसतं बघायचं

दहा जणांशी बोलून झालं की त्यातली तीन कामं निवडा आणि प्रत्येकाची एक पूर्ण सकाळ मागून घ्या. मदत करायची नाही, सल्ला द्यायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. फक्त बघायचं आणि टिपायचं.

मिरज तालुक्यातला बी.कॉम.चा एक मुलगा होता. बोलका, अंगात उत्साह. आपण मार्केटिंगसाठीच जन्मलो, असं त्याचं ठाम मत. त्याला मी फेब्रुवारी संपता संपता मार्केट यार्डात एका अडत्यांकडे पाठवलं. नव्या हळदीची आवक वाढू लागलेली असते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सौद्यात मानांकन कुणी पाहत नाही, हळकुंड पाहतात. पोत्यांच्या तोंडाशी घोळका थांबतो. व्यापारी मूठ घालून हळकुंडं वर काढतो, एक मोडतो, मोडताना होणारा आवाज ऐकतो, आतला रंग बघतो. भाव पुकारला जातो, चढतो, अडतो, पुन्हा चढतो. कुणीतरी मान हलवतं आणि लॉट गेलेला असतो. घोळका पुढच्या ढिगावर. हवेत पिवळी धूळ, शर्टाच्या कॉलरवर पिवळी धूळ, हमालांच्या आरोळ्या. बाजूला माल घेऊन आलेला शेतकरी उभा असतो. वर्षभराच्या कष्टाचा भाव त्याच्यासमोर एवढ्या वेळात ठरतो.

पहिल्या दिवशी मुलगा खूश होऊन आला. तीन सकाळी करून ये म्हटलं. तिसऱ्या दिवशीची त्याची नोंद आम्ही दोघांनी वाचली. त्यात पुकाऱ्याबद्दल एक ओळ होती आणि पट्टीबद्दल सव्वा पान. शेतकऱ्याच्या हातात जी हिशेबपट्टी पडते ती कशी तयार होते, वजन किती, हमाली, तोलाई कुठे वजा होते, कोणत्या रकान्यात चूक होऊ शकते. एका शेतकऱ्याला ती कळत नव्हती म्हणून याने ओळीने समजावून सांगितली, तेही लिहिलेलं. घोळक्याचा आवाज त्याला लांबून आवडत होता, पण तासभर त्यात उभा राहिला की डोकं दुखायचं. हिशेब दुसऱ्याला समजेल असा मांडण्यात मात्र त्याचा जीव रमत होता. आज तो कर सल्लागाराकडे काम करतो आणि अशील त्याच्याच टेबलाशी येऊन बसतात, कारण तो समजावून सांगतो.

एकाच दिवसावर भरवसा ठेवू नका, हे यातून माझ्या मनावर कोरलं गेलं. पहिल्या दिवशी सगळंच नवं असतं आणि नवेपणालाच आपण आवड समजतो. निदान तीन सकाळी.

आवडलं, म्हणजे नेमकं काय आवडलं?

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. मुलं एखादं काम बघून येतात आणि त्याचं नाव सांगतात. मला नाव नको असतं, त्यातला धागा हवा असतो.

कॉम्प्युटर सायन्सची एक मुलगी मिरजेत सतारमेकरांकडे गेली होती. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिथे बऱ्याच जणांची पावलं वळली, त्यांतली ती एक. तानपुऱ्याची जवारी लावणं चालू होतं. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने किंचित घासायचा, तार छेडायचा, डोळे मिटून ऐकायचा. पुन्हा दोन हात घासायचा. तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तो आला की बसका आवाज एकदम उमलायचा, त्यातून गुंजन निघायचं. एका तानपुऱ्यापाशी अर्धी सकाळ गेली. ती जागची हलली नाही. घरी येऊन म्हणाली, "मॅडम, मला तानपुरे बनवायचेत."

मी तिला चार प्रश्न लिहायला दिले. माणसांशी काम आवडलं, वस्तूंशी, की आकड्यांशी? एकट्याने की घोळक्यात? काम संपल्याचं लगेच कळत होतं की महिन्यांनी? शरीराचं कोणतं अंग वापरलं जात होतं: हात, डोळे, कान, जीभ? तिने लिहिलं: एकट्याने किंवा समोर एकच माणूस. कान. बारीक फरक ओळखणं. फरक पडला की लगेच कळणं. लाकूडकाम आणि भोपळे यांच्याबद्दल एक शब्द नव्हता. मग आम्ही हाच धागा आणखी कुठे आहे ते शोधलं. ध्वनिमुद्रण, पियानो-हार्मोनियमचं ट्यूनिंग, आणि कानाची तपासणी. ऑडिओलॉजी हा शब्द तिने आधी ऐकलाच नव्हता. बी.ए.एस.एल.पी. हा श्रवण आणि वाचा यांच्या तपासणी-उपचारांचा, इंटर्नशिप धरून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. तिने एका श्रवण तपासणी केंद्रात तीन सकाळी काढल्या. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांच्या यंत्राचा आवाज थोडा थोडा बदलत नेताना आजोबांनी अचानक नातवाकडे मान वळवली, ते तिने वहीत लिहून ठेवलं आहे. कॉम्प्युटर सोडायचं की नाही यावर घरात महिनाभर चर्चा झाली. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे.

याचं जुनं आणि मोठं उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या नकाशावरच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंगांतला फरक ओळखू येत नाही. चित्रकारासाठी ते दार बंदच. पण रेखाटणारा हात शाबूत होता. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, ते शिकवू लागले, पुढे बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. रंग सुटला, रेघ राहिली. पुण्याकडे जाताना ते स्टेशन लागलं की मी मुलांना हे आवर्जून सांगते.

चार आठवडे हात घालायचा

बघून झालं, धागा सापडला. आता एका कामात महिनाभर प्रत्यक्ष हात घाला. पगार मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर चहा-जेवण आणि शिकवणारा माणूस मिळतोय ना ते बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू करण्यापूर्वी काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव पायपीट केली होती. खेड्यांची त्यांची ओळख त्या फिरतीत पक्की झाली आणि पुढे 'कमवा आणि शिका' ही योजना त्यांनी उभी केली. सातारा-सांगलीच्या मुलांना शिकताना काम करण्याची लाज वाटावी असं काहीच नाही.

सोयीही आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. ओळखीच्या दुकानातून नुसता सहीशिक्का आणू नका, ते तास खरोखर करा. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं, माणसांत काम जमतं का हे तिथे कळतं. आयटीआय, डिप्लोमा, पदवीधर यांना अप्रेंटिसशिप आहे. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना सहा ते दहा हजार रुपये होतं. अर्ज करताना सध्याचे नियम पाहून घ्या. पुस्तकी बाजू तपासायची तर स्वयम पोर्टलवरचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी असते.

सावधगिरी मात्र बाळगा. शिकवण्याआधी अनामत मागणाऱ्याकडे जाऊ नका. मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या. अनोळखी जागी पहिल्यांदा दोघं मिळून जा आणि पत्ता घरी लिहून ठेवा. आणि महिना कबूल केला असेल तर महिना पुरा करा. अध्येमध्ये निघून गेलात तर पुढच्या मुलाला ते दार उघडणार नाही.

स्पर्धा परीक्षेचं काय?

यावर मी जरा कडक बोलते. आपल्या भागातल्या अभ्यासिका रात्री बारापर्यंत भरलेल्या असतात आणि त्या मुलांची जिद्द मी जवळून पाहिली आहे. म्हणूनच विनंती आहे. पद सोडून काम बघा. गावच्या ग्रामसभेला शेवटपर्यंत बसा. दाखला काढायला तहसील कार्यालयात जाल तेव्हा तासभर थांबून टेबलामागचा माणूस काय करतो ते पाहा. नुकत्याच लागलेल्या ताई-दादांना गाठून तोच अकरा वाजताचा प्रश्न विचारा. त्यानंतरही ते काम हवंसं वाटलं तर मन लावून करा, पण किती प्रयत्न, किती वर्षं आणि त्यानंतर काय, हे पहिल्या दिवशी लिहून घरच्यांची सही घ्या. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ वर्षं आहे. कायदा तिथवर मुभा देतो म्हणून आपण तिथवर थांबायचं असं नाही. वाट बघणाऱ्या आईबापांचं वयही वाढत असतं.

घरच्यांसमोर बसताना

तीन महिने संपले की वही घेऊन बाबांसमोर बसा. सणाच्या गडबडीत नको, रविवारी दुपारी. "मला हे आवडत नाही" अशी सुरुवात केलीत तर वाद होईल. "बाबा, मी एवढ्या जणांना भेटलो, इतके दिवस जाऊन बसलो, हे बघा" म्हणा आणि वही उघडी ठेवा. सोबत एका कागदावर पुढच्या दोन वर्षांचा खर्च, फी, राहणं, आणि मर्यादांच्या पानावरचे आकडे मांडा. जमलं नाही तर परत कुठे वळणार, तेही. आईबाबांना खरी भीती असते ती पोरगं भरकटेल याची. तारखा घातलेली वही पाहिली की निम्मी भीती जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घर ऐकत नसेल तर लगेच तोडून घेऊ नका, सहा महिन्यांची मुदत मागा. आणि ते एखादी अडचण दाखवत असतील, तर तीही वहीत लिहा. कधीकधी त्यांचं बरोबर असतं.

प्रवेश झाल्यावर वही फेकू नका. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा पंधरा दिवस त्याच तीन ओळी लिहा आणि पहिल्या पानांशी ताडून बघा. सुरुवात कधी करायची विचाराल, तर वही आज घ्या. यार्डात जायचं असेल तर सौद्याची वेळ आदल्या दिवशी अडत्यांना विचारून घ्या, आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नका.